साडेचौदाशेचा डिजिटल व्हर्नियर, आठ महिन्यांनंतर: बॅटरीखाऊ आहे, आणि पुंगळ्या तपासायला यू-पिन त्याहून भारी

काल परत बंद पडला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर मी रिव्ह्यू वगैरे लिहिणाऱ्यातला नाही. १५० एमएमचा स्टीलचा डिजिटल व्हर्नियर, लीस्ट काउंट ०.०१, कसा असतो ते सगळ्यांना माहितीय. सोसायटीच्या प्लंबरला नवीन कॉकचा आटा जुळेना, म्हणून मी ऐटीत डबीतून काढला, बटण दाबलं, स्क्रीन कोरी. बॅटरी घालून जेमतेम सहा आठवडे झालेत आणि तेवढ्यात वापर किती, तर चार वेळा. प्लंबर म्हणाला, "काका, राहू द्या, मी टेपने बघतो." हे ऐकायला मी साडेचौदाशे मोजले.

मुळात घेतला तो ठाण्यासाठी नव्हताच. मी वागळे इस्टेटला पितळी फिटिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. रिटायर झाल्यावर मुलीने ग्रीन कार्ड करून दिलं, आता वर्षातले पाच-सहा महिने तिच्याकडे टेक्ससला आणि उरलेले ठाण्यात. जावयाला रायफल शूटिंगचा नाद, आणि नवीन राउंड (काडतुसं) महाग पडतात म्हणून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या परत भरायचं, म्हणजे रिलोडिंगचं, खूळ त्याने डोक्यात घेतलं. एका रेंजवरून नव्वद डॉलरला बादलीभर वापरलेल्या पुंगळ्या उचलून आणल्या आणि फोनवर मला म्हणाला, "बाबा, तुम्ही येताय ना, मग तपासायचं काम तुमचं." रिटायर इन्स्पेक्टरला असं कोणी विचारलं की दुसरं काय होणार, त्याच रात्री व्हर्नियर मागवला.

ग्रीन कार्डाचं बढाई म्हणून सांगितलं नाही. तिकडच्या फेडरल कायद्यात रिकामी पुंगळीसुद्धा 'ॲम्युनिशन'मध्येच मोडते आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्याला, शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर, ती बाळगायला बंदी आहे. जावयाने हे आधी तपासलं आणि मगच मला गॅरेजमध्ये बसू दिलं. सासरे-जावई मिळून असं काही करायचं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

तर बादली. एकूण १,८६२ नग निघाले, 'वन्स फायर्ड' म्हणजे एकदाच झाडलेल्या असं सांगून विकलेल्या, पण बुडावरचे शिक्के बघितले तर भेळ. पहिलं काम चुंबक. फ्रिजवरचा चुंबक फिरवला की स्टीलच्या पुंगळ्या आपोआप चिकटून वर येतात, त्या बाद. ॲल्युमिनियमच्या हाताला हलक्या लागतात, त्याही बाद. पांढऱ्या चकचकीत पण वजनदार असतील तर त्या निकेल चढवलेल्या पितळी, त्या चालतात, माझ्याकडून पहिल्या दिवशी सात-आठ उगाच फेकल्या गेल्या आणि मग कचऱ्यातून उचलल्या. मग शिक्के वाचून काडतुसाच्या मापाप्रमाणे ढीग केले, .२२३ आणि ५.५६ मिळून १,१९०, नऊ एमएम ५२०, .३०८ च्या ९६, उरलेल्या ५६ म्हणजे गाळ. नऊ एमएमच्या ढिगात .३८० घुसलेल्या असतात, रुंदीला जवळपास तशाच पण उंचीला १९ ऐवजी १७ एमएम, टेबलावर ओळीने उभ्या केल्या की बुटक्या लगेच दिसतात, व्हर्नियर लागत नाही.

मग आत बघायचं. बुडाशी मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर पद्धत, दोन बारकी भोकं असतील तर बर्डन. बर्डनवाली घातली की प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टिकली) काढायची सुई मोडते, जावयाने एक मोडलीच. गंमत म्हणजे बॉक्सर हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत सर्रास चालते ती ब्रिटिशाची पद्धत आणि बर्डनची युरोपात. ५.५६ च्या पुंगळीवर वर्तुळात अधिक अशी नाटोची खूण असली तर प्रायमरच्या कडेला दाबून बसवलेलं कडं असतं, ते कापल्याशिवाय नवीन प्रायमर बसत नाही.

आता व्हर्नियरचं रामायण. मी ठरवलं की प्रत्येक नगाची लांबी मोजून वहीत उतरवायची. .२२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, म्हणजे ४४.७० एमएम, त्यापुढे गेली की कापून १.७५० ला आणायची. दोन दिवसांत चारशे नग मोजले, वहीत रकाने आखून, आणि चारशे बाराव्याला आकडे लुकलुकायला लागले. १.७५४, मग १.७९१, मग नुसतीच रेघ. जबडे मिटवले तरी शून्य येईना. बॅटरी सुरुवातीपासून ढिली होती की शेवटच्या पन्नासांत झाली, कळायला मार्ग नाही, म्हणजे अख्खी बॅच संशयित. कारखान्यात असं झालं असतं तर साहेबाने वही माझ्या अंगावर फेकली असती. तेव्हाच मी याला एक स्टार द्यायचं पक्कं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी रिलोडिंगचं मॅन्युअल नीट वाचल्यावर कळलं की त्या चारशे मापांचा तसाही उपयोग नव्हता. पुंगळी साइझिंग डायमध्ये, म्हणजे मूळ मापाला आणणाऱ्या साच्यात, दाबली की ती उंचीला वाढते, त्यामुळे लांबी साइझिंगनंतर मोजायची. आधी मोजणं म्हणजे इस्त्री करायच्या आधी घडी घालण्यासारखं. ही चूक माझी, व्हर्नियरची नाही, म्हणून एक स्टार वाढवतो.

मापाचं काम थांबलं म्हणून डोळ्यांचं सुरू झालं, आणि खरं तपासणं तेच आहे. धुऊन घेतल्या आधी, बारीक स्टीलच्या पिना, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि पाणी घालून डबा गरागरा फिरवतात. सौ. म्हणाली आपली पितांबरी आणली असती की, ठाण्याचीच तर आहे. म्हटलं अगं देवघरात तीन भांडी असतात, इथे अठराशे नग. मुलीचा एकच नियम होता, हे सगळं गॅरेजमध्येच, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, आणि उठताना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कारण प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. बरोबर आहे तिचं.

जावयाने १४० पुंगळ्या 'जळक्या' म्हणून बाजूला टाकल्या होत्या. मानेवर (तोंडाकडच्या अरुंद भागावर) निळसर-तपकिरी छटा. मी एक उचलली आणि हसायलाच आलं, अरे ही जळलेली नाही, ॲनिल केलेली आहे! मान मुद्दाम तापवून मऊ करतात, नाहीतर पितळ ताणाखाली चिरतं, आणि लष्करी मालावर तो डाग पुसत नाहीत इतकंच. अंगभर, बुडापर्यंत रंग गेलेली असेल तर ती आगीत पडलेली, तिचं बूड मऊ झालेलं असतं, ती मात्र बिलकूल घ्यायची नाही. १४० पैकी तशा दोन निघाल्या. १३८ वाचवल्या, त्या दिवशी मला जेवणात श्रीखंड होतं.

पितळ चिरण्याला आम्ही कारखान्यात सीझन क्रॅकिंग म्हणायचो, मर्क्युरस नायट्रेटमध्ये बुडवून टेस्ट करायचो. हा शब्द आपल्याकडच्या पावसाळ्यातून आलाय हे किती जणांना माहितीय? इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली असायची आणि पुंगळ्या आपोआप चिरायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि पितळातला साठलेला ताण, हे कोडं नीट उलगडलं १९२१ मध्ये. म्हणून पुंगळ्यांना अमोनिया असलेलं पॉलिश लावू नका, कितीही झळकलं तरी.

मानेच्या चिरा बोटाने कळतात. पुंगळीच्या तोंडाच्या कडेवरून नख फिरवायचं, अडकलं की गेली. हातात दोन-चार एकत्र घेऊन खुळखुळवल्या तर चिरलेलीचा आवाज बद्द येतो, मडकं वाजवून घेतो ना तसं. आठ निघाल्या. तोंडाला साधा पोचा असेल तर घाबरायचं नाही, डायमध्ये निघून जातो.

खरी मजा रिंगची. पुंगळी बुडाच्या जरा वर, जिथे जाड भाग संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे ताणली जाते आणि एक दिवस तिथूनच दोन तुकडे होतात, बंदुकीत. त्याची आधीची खूण म्हणजे बाहेरून तिथे उजळ कडं दिसतं. मी असं कडं दिसलेल्या २३ काढल्या, सगळ्या फेकायला. जावई म्हणाला, थांबा बाबा, आतून बघा. बघणार कसं, व्हर्नियरचा जबडा त्या मानेतून जात नाही. मग मुलीच्या टेबलावरची एक यू-पिन सरळ केली, टोक काटकोनात वाकवलं, कानशीवर टोकदार केलं. ती आत घालून बुडापासून भिंतीला लावून हळूहळू वर ओढायची. चांगल्या पुंगळीत सरळ सटकत येते. खराबमध्ये एका जागी टोक खट्कन अडकतं, जणू फरशीच्या सांध्यात झाडूची काडी. २३ पैकी सहाच अडकल्या! बाकीच्या सतरावरचं कडं नुसता डायचा घासा होता. आणि ज्या बाहेरून स्वच्छ होत्या अशाही नुसत्या उत्सुकतेने चाचपल्या तर आणखी दोन सापडल्या.

मला विश्वास बसेना म्हणून एक हॅक्सॉने उभी कापली, कडा पॉलिश पेपरवर घासल्या. भिंत खालून वर छान निमुळती होत जाते आणि मध्येच आतून एक खाच, पुलावरच्या रस्त्याला सांध्यात पडते तशी, तिथे धातू उरलेला कागदाएवढा. फुकटच्या यू-पिनने जे शोधलं ते साडेचौदाशेच्या यंत्राला जन्मात दिसलं नसतं.

ती कापलेली अर्धी पुंगळी ठाण्याला आणून मित्रांना दाखवायची माझी फार इच्छा होती. मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवलीही. जावयाने बॅग परत उघडून काढून घेतली. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये काडतुसाचे भागही धरतात, विमानतळावर तुम्ही 'अहो हे सॅम्पल आहे' म्हणत बसाल, आम्हाला कोण सोडवायला येणार, असं म्हणाला. लायसन्सशिवाय भरणं तर सोडाच. तेव्हा इथे बसून कोणी बादली शोधू नका.

आता परत बॅटरीवर येतो कारण खरी तक्रार तीच. ऑफ बटण दाबलं की फक्त स्क्रीन बंद होते, आतलं सर्किट चालूच राहतं आणि सेल चोखत बसतं. ठाण्यात आल्यावर विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर, "सर, बॅटरी कन्झ्युमेबल आहे." मी म्हटलं बॅटरीची वॉरंटी नकोय, बंद केलेलं यंत्र बंद असावं एवढंच मागतोय. तीन वेळा पिकअप ठरला, तिन्ही वेळा मी दिवसभर घरी, कोणी आलं नाही, आणि ॲपवर काय तर 'कस्टमर अनअव्हेलेबल'. मग रिप्लेसमेंटची मुदत संपली. साडेचौदाशेत यू-पिनचे कितीतरी बॉक्स आले असते.

शेवटी स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने जुना सेल काढून बघितला आणि म्हणाला, "एलआर४४ कशाला घालता, एसआर४४ घाला, सिल्व्हरचा येतो, शेवटपर्यंत व्होल्टेज पडत नाही." किंमत तिप्पट, जिवावर आलं, पण घेतला. आकडे एकदम स्थिर, एवढं कबूल करतो. कालचा बंद पडलेला तोच, म्हणजे सहा आठवडे. चोखतो तो चोखतोच.

आता ठरवलंय असं, वापर झाला की सेल काढून डबीत वेगळा ठेवायचा. सेल बदलून बदलून झाकणाचा दात तुटला, आता वरून मेडिकलवाली पट्टी चिकटवलीय. अडीच स्टार. नोव्हेंबरला परत जातोय, .३०८ च्या ९६ तपासायच्या राहिल्यात.