वायरचं नेट गायब: आधी ‘आयपी’ की ‘एनएमसीएलआय’?

लिनक्सवर वायरचं नेट दिसेनासं झालं की माझा हात आधी ‘आयपी लिंक’ (ip link) या कमांडकडे जातो. ही कमांड कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काय दिसतंय तेच सांगते. यादीत फक्त ‘एलओ’ (lo, मशीनचा स्वतःशीच बोलायचा आतला इंटरफेस) असेल, तर बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच चढलेला नसतो; मग ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k) या कमांडच्या यादीत कार्डाखाली ड्रायव्हरची ओळ आहे का ते बघायचं. ‘आयपी लिंक’मध्ये कार्डाचं नाव आहे पण शेजारी ‘नो-कॅरिअर’ (सिग्नल नाही) लिहिलंय? मग बहुतेक वेळा दोष केबलचा, नाहीतर पलीकडच्या पोर्टचा. पिन पुन्हा नीट दाबून बसवा, पोर्टचा दिवा लागतो का बघा. यात खरंच खूप वेळ वाचतो.

‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ (nmcli device) ही कमांड कर्नलच्या वरच्या थरातलं, म्हणजे नेटवर्क जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅमचं म्हणणं सांगते. तिथे ‘अनमॅनेज्ड’ दिसलं, तर नेटवर्कमॅनेजरने त्या कार्डाला हातच लावलेला नाही. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) कार्डाचं नाव ‘इंटरफेसेस’ या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेलं असेल, तर हे बऱ्याचदा होतं.

दुरुस्ती मात्र मी ‘एनएमसीएलआय’नेच करतो. ‘आयपी’ने दिलेला पत्ता रीबूटनंतर उडतो, ‘एनएमसीएलआय’ने नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये (जतन केलेल्या सेटिंगमध्ये) ठेवलेला टिकतो.