भगंदर: लेझर, नळी उघडणं की क्षारसूत्र?

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती वाचून थेट लेझरची तारीख घेऊ नका. भगंदराची नळी, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली वाट, गुदद्वाराच्या स्नायूतून किती खोल जाते, त्यावर सगळं ठरतं. म्हणून आधी एमआरआय काढा.

लेझरमध्ये नळीत बारीक फायबर सरकवून ती आतून भाजून बंद करतात. बहुधा १४७० नॅनोमीटरचा किरण वापरतात. स्नायू कापला जात नाही, शौचावरचा ताबा शाबूत राहतो, कामावरही लवकर जाता येतं. पण प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत साधारण १० पैकी ६ ते ७ जणच यातून बरे झालेले दिसतात. नळीला फाटे असतील किंवा आत पू साठला असेल, तर भरवसा आणखी कमी. तिथे आधी सेटॉन, म्हणजे नळीतून ओवून सैल बांधलेला दोरा, घालून पू वाहू द्यावा लागतो.

नळी वरवरची असेल तर ती उघडून टाकण्याची जुनी शस्त्रक्रियाच मला पटते. यश ९० टक्क्यांच्या वर. जखम भरायला काही आठवडे लागतात, ड्रेसिंग आणि कोमट पाण्यात बसणं आलंच, गर्दीतला प्रवासही त्या काळात नको होतो. तरीही अशा नळीसाठी लेझरचे जास्तीचे पैसे का मोजायचे? खोल नळीचं मात्र उलट. तिथे स्नायू कापला गेला तर वारा, पातळ शौच रोखता येत नाही. बाळंतपणात स्नायूला इजा झालेल्या बायकांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. त्यांच्यासाठी लेझर खरंच विचारात घेण्याजोगं आहे.

क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा. तो दर आठवड्याला बदलतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) १९९१ च्या चाचणीत भगंदर उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होतं. बरं व्हायला मात्र दुप्पट वेळ, ८ आठवडे. वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात याची चौकशी करता येईल. हा दोराही हळूहळू स्नायू कापतच जातो, हे ध्यानात असू द्या.

आणि मुंबईत टीबी विसरून चालत नाही, त्यामुळेही भगंदर होऊ शकतं. भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल तर नळीचा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा, तोही लेझर लावायच्या आधी. भाजलेल्या नळीतून नीट निदान होत नाही. टीबी निघाला तर औषधांचा पूर्ण कोर्स लागतोच.