सुझुकीची व्ही-स्ट्रॉम 650 एक्सटी की यामाहाची टेनेरे 700?

दोन्ही मोटरसायकली दोन सिलिंडरच्या, दोन्ही सत्तरीतल्या हॉर्सपॉवरच्या. त्यामुळे ताकदीच्या आकड्यांत वेळ घालवू नका. खरा फरक चाकांत आणि सस्पेन्शनमध्ये आहे. आरामदायी सीट किंवा उंच काच नंतर बसवता येते, चाकाचा आकार बदलणं मात्र सोपं नाही. इथे 2017 नंतरची सुझुकी आणि 2019 ते 2024 मधली यामाहा धरली आहे.

सुझुकीचं पुढचं चाक 19 इंची, यामाहाचं 21. जमिनीपासूनची उंची 170 मिमी विरुद्ध 240. पायरीसारखा दगड आला की सुझुकीचं पोट घासतं, आणि नेमका तिथेच, इंजिनच्या तोंडाशी, ऑइल फिल्टर आणि सायलेन्सरचा पाइप उघडा असतो. फिल्टर फुटला तर तेल संपून इंजिन जातं. खडीवर उतरण्याआधी धातूची बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) लावाच. सोबत येणारं प्लास्टिकचं आवरण फक्त चिखल अडवतं.

यामाहा सुमारे 10 किलोने हलकी, पण सीट 875 मिमी उंच (सुझुकीची 835). उतारावर थांबताना पाय टेकला नाही की गाडी आडवी. म्हणून रायडिंगचे बूट घालूनच बसून बघा. सैल मातीच्या तीव्र उतारावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) मागचा ब्रेक सोडत राहतो. यामाहात तो गाडी उभी असताना बटणाने बंद होतो, सुझुकीत तशी सोय नाही.

पंक्चरच्या बाबतीत सुझुकी सरळ जिंकते. तिची स्पोकची चाकं ट्यूबलेस आहेत, म्हणजे चाक न काढता प्लग घालून दहा मिनिटांत मोकळे. यामाहात ट्यूब आहे: चाक काढा, टायर रिमवरून सोडवा, ट्यूब बदला. सोबत टायर काढायचे तीन लिव्हर (चपट्या पट्ट्या), एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) पाना, पंप आणि 21 इंची ट्यूब ठेवा. अडचणीत तीच मागच्या 18 इंची चाकात थोड्या अंतरासाठी चालते. नवी ट्यूब बहुधा लिव्हरखाली चिमटून फाटते. ती घालण्याआधी तिच्यात थोडी हवा भरा, आणि टायरची लिव्हरच्या विरुद्ध बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवा.

मागे कायम कुणी बसणार असेल, तर सुझुकीच घ्या. टाकी 20 लिटरची (यामाहाची 16), सीट ऐसपैस. यामाहाची मागची फ्रेम मुख्य फ्रेमला वेल्ड केलेली आहे; जड बॉक्स लादून ती वाकली तर नट-बोल्ट काढून बदलता येत नाही. एकट्याने, अर्ध्याहून जास्त कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्याने मात्र यामाहाच घ्यावी. सामानासाठी मऊ बॅगा वापराव्यात.

इंजिनच्या व्हॉल्व्हची तपासणी सुझुकीत 24,000 किमीला, यामाहात सुमारे 40,000 ला. यामाहाची चेन उभ्या गाडीला ढिली भासते, पण सस्पेन्शन खोल दबतं तेव्हा ती ताणली जाते. तिला घट्ट केलंत तर पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) शाफ्टचं बेअरिंग जाईल.