रीपर, मिडी आणि आभासी वाद्ये : बडोद्यातील घरगुती ध्वनिमुद्रणाचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून मी घरच्या संगणकावर रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी (वाद्ये व संगणक यांना सूचना पाठवण्याची पद्धत) आणि आभासी, म्हणजे संगणकातच वाजणारी, वाद्ये वापरून भजने, अभंग व नाट्यपदे यांच्या सरावासाठी साथीचे ट्रॅक तयार करीत आहे. दांडिया बाजार परिसरातील आमच्या भजनी मंडळाला तबलजी आणि पेटीवाले एकाच संध्याकाळी मिळणे अवघड होत चालल्यामुळे हा उद्योग सुरू झाला. या प्रणालीविषयी जे लेखन वाचायला मिळते ते बहुतेक पाश्चात्त्य पद्धतीच्या संगीतासाठी असते; पियानो, ड्रम आणि कॉर्ड यांच्यापुढे ते जात नाही. आपल्या संगीतासाठी ती कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरताच हा अनुभव मर्यादित आहे. माझे मत आधीच सांगतो. तबला आणि तानपुरा समाधानकारक वाजतात, पेटी मेहनत घेतल्यास चांगली वाजते, बासरी व सारंगी यांचा नाद सोडलेला बरा. तरीही केवळ पट्टी आणि लय हवी तेव्हा बदलता येते, या एका सोयीसाठी मी हे साधन पुन्हा घेईन.

साहित्य साधे आहे : मध्यम क्षमतेचा लॅपटॉप, संगणकात आवाज आत-बाहेर नेणारा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड आणि बंद प्रकारचा हेडफोन. रीपर साठ दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना ६० डॉलरना मिळतो. त्याच्यासोबत तयार वाद्यांचा साठा मात्र जवळजवळ नसतो. कृत्रिम नाद निर्माण करणारा एक साधा सिंथेसायझर आणि आपल्याकडील आवाज कळांवर बसवण्यासाठी एक सॅम्पलर, एवढेच हाती येते. बाकीची वाद्ये आपणच जमवायची असतात. सर्ज एक्सटीसारखे सिंथेसायझर विनामूल्य आहेत, परंतु भारतीय वाद्यांचे चांगले संच बहुधा विकतच घ्यावे लागतात.

मिडीतून आवाज जात नाही, सूचना जातात, हे नव्याने वळणाऱ्याने प्रथम पक्के ध्यानात घ्यावे. कोणती कळ दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढीच माहिती या मार्गाने वाहते आणि नाद निर्माण करण्याचे काम दुसऱ्या टोकाचे वाद्य करते. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने ज्या शहरात गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी तयार करून गाणे शिकवले, त्या शहरातील माणसाला हे समजायला जड जाऊ नये. मिडीही एक स्वरलिपीच आहे, फक्त ती यंत्र वाचते. लिपीत जे लिहिता येत नाही ते वाजणारही नाही, हे ओघानेच आले. आभासी वाद्यांविषयीच्या बऱ्याचशा तक्रारी मुळात वाद्याच्या नसतात, या लिपीच्या मर्यादेच्या असतात.

या लिपीचा सर्वांत मोठा लाभ पट्टीच्या बाबतीत होतो. आमच्या मंडळात पुरुष काळी एकमध्ये गातात आणि बहुतेक महिलांना काळी चार सोयीची पडते. ध्वनिमुद्रित पेटी पाच सेमीटोन खाली ओढली तर ती घसा बसल्यासारखी वाजते; मिडीतील सर्व स्वर निवडून पाच घरे खाली आणले तर वाद्य त्या जागच्या मूळ नमुन्यांतून, म्हणजे खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांतून, वाजते आणि कोणाला शंकाही येत नाही. लयीचेही तसेच. मात्र येथे एक सावधगिरी हवी. तबल्याच्या संचात प्रत्येक बोल स्वतंत्र कळेवर बसवलेला असतो, त्यामुळे सगळे ट्रॅक एकत्र निवडून पट्टी बदलली की पेटी बरोबर सरकते, पण तबल्यात ‘धा’च्या जागी भलताच बोल वाजू लागतो. तबल्याचे स्वर जागेवर ठेवून दायाँ ज्या स्वरात मिळवलेला आहे तो संचाच्या स्वतःच्या ट्यूनिंगच्या खुंटीने बदलावा लागतो. हेही तीन-चार सेमीटोनांपर्यंतच चांगले लागते. त्यापुढे ‘ना’ची चाट पत्र्यासारखी वाजते.

पेटीसाठी सर्वाधिक वेळ गेला आणि सर्वाधिक समाधानही तिनेच दिले. मिडीत प्रत्येक स्वरासोबत १ ते १२७ या मापात आघाताचा जोर नोंदवला जातो, ज्याला वेलॉसिटी म्हणतात. पियानोत कळ जोराने मारली की आवाज मोठा होतो, म्हणून ही व्यवस्था तेथे नेमकी बसते. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यावर अवलंबून असतो. कळ हळू दाबा की जोराने, पत्तीला त्याचे सोयरसुतक नसते. मिडीतून वाजवलेली पेटी खोटी का वाटते, याचे निम्मे उत्तर येथे आहे. मी आता सर्व स्वरांची वेलॉसिटी एकसारखी करतो आणि भात्याचे काम ११ क्रमांकाच्या नियंत्रकाकडे, म्हणजे एक्स्प्रेशनकडे, सोपवतो. उजव्या हाताने ओळ वाजवून झाल्यावर ट्रॅक पुन्हा सुरू करायचा आणि या वेळी डाव्या हाताने फक्त कीबोर्डवरचे चाक वरखाली करत भाता भरायचा. सम येण्याच्या किंचित आधी दाब वाढवायचा, ओळीच्या शेवटी सोडायचा. पडद्यावर त्याची वळणदार रेघ उमटते आणि नको असलेला उंचवटा माउसने खाली दाबता येतो. ज्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली आहे अशा एका ज्येष्ठ सभासदांना मी न सांगता आधीचा वेलॉसिटीवर वाजवलेला आणि हा भाता भरलेला असे दोन्ही ट्रॅक ऐकवले. पहिल्याला ते ‘खेळणे’ म्हणाले आणि दुसऱ्याबद्दल ‘कोणाची पेटी आहे’ असे विचारले.

तबल्याच्या संचांत दोन प्रकार आढळतात. एकात तयार ठेक्यांचे तुकडे असतात, दुसऱ्यात सुटे बोल. तुकड्यांचा संच पहिल्या दिवशी फार आवडतो आणि महिन्याभरात कंटाळा आणतो, कारण तोच केहरवा तसाच्या तसा फिरत राहतो आणि गायकाने ओळ लांबवली की साथ पुढे निघून जाते. मी सुरुवातीला घेतलेल्या एका विकतच्या संचात तर बायाँचा घिस्साच नव्हता. ‘घे’ एकदा वाजला की तसाच विरून जाई, मनगटाच्या दाबाने तो वर चढत नसे, आणि विक्रेत्याला लिहिले असता पुढील आवृत्तीची वाट पाहा असे उत्तर आले. सुट्या बोलांचा संच घ्यावा आणि त्यात बायाँ पिच बेंडला (स्वर वर-खाली ओढणाऱ्या मिडी सूचनेला) प्रतिसाद देतो की नाही, हे खरेदीपूर्वी नमुना ऐकून तपासावे, असा माझा आग्रह राहील. एकाच बोलाचे अनेक नमुने आलटूनपालटून वाजत असतील तर उत्तम. नसल्यास ‘तिरकिट’ यंत्रातून निघाल्याप्रमाणे ऐकू येते.

ठेका हाताने वाजवल्यावर क्वांटाइझ करण्याचा, म्हणजे प्रत्येक आघात चौकटीवर नेऊन बसवण्याचा मोह आवरावा. दादऱ्याच्या सहा मात्रांतील डौल ज्या किंचित मागेपुढे होण्यात आहे, तोच या क्रियेत पुसला जातो. रीपरमध्ये मिडीचा एक ठोका ९६० सूक्ष्म भागांत विभागलेला असतो, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक भाग अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास येतो. हाताची लकब जपण्यास एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे. मी क्वांटाइझची तीव्रता अर्ध्यावर ठेवतो आणि समेचा ‘धा’ तेवढा नेमका बसवतो. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रांसाठी चौकट सहज आखता येते. विलंबित एकतालात मिनिटाला १५ मात्रा धरल्यास एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. तेथे लय ६० ठेवून चार ठोक्यांची एक मात्रा मोजणे मला सोयीचे वाटले.

आता मींडेविषयी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याविषयी. मिडीचा पिच बेंड १६,३८४ पायऱ्यांचा असतो, त्यामुळे बारकाई कमी पडत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. प्रचलित पद्धतीत त्याची व्याप्ती वर-खाली दोन-दोन सेमीटोन असते, ती वाद्यात जाऊन वाढवावी लागते. शिवाय बेंड संपूर्ण चॅनेलला लागू होतो, म्हणजे एक स्वर ओढला की सोबत धरलेला दुसराही ओढला जातो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देणारी एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली आणि तिने दुसरी अडचण सुटते, परंतु त्यासाठीचे कीबोर्ड माझ्या अंदाजपत्रकात बसत नाहीत. आणि हे सर्व जमले तरी नमुन्यांवर चालणारी बासरी ओढल्यावर तिची फुंकही स्वरासोबत ताणली जाते, जे खऱ्या बासरीत घडत नाही. सारंगीबद्दल न बोललेलेच बरे. ज्या ठिकाणी स्वरापेक्षा स्वरामधला प्रवास महत्त्वाचा आहे तेथे मी मायक्रोफोन लावून माणसालाच वाजवायला सांगतो.

गंधाराचा प्रश्न वेगळा आहे. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (एक सेमीटोन म्हणजे १०० सेंट) असतो, तर तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर. पेटीवरील जुना आक्षेप हाच होता आणि आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके ती वर्ज्य केली, त्यामागच्या कारणांपैकी हे एक होते. गंमत अशी की खऱ्या पेटीत पत्ती घासावी लागेल तेथे संगणकात एक आकडा बदलून भागते. सर्ज एक्सटीमध्ये स्वरांतरांची स्वतंत्र फाइल भरता येते. सॅम्पलरमध्ये गंधाराचा नमुना १४ सेंट उतरवला की काम होते. भूप रागात हा फरक तानपुऱ्यासोबत लगेच कळतो. पट्टी बदलताना मात्र हे सर्व नव्या षड्जाप्रमाणे पुन्हा लावावे लागते.

तांत्रिक त्रास म्हणाल तर लेटन्सीचा, कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबाचा. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १,०२४ सॅम्पल आणि सॅम्पलांचा दर सेकंदाला ४८,००० ठेवला तर एका बफरमागेच सुमारे २१ मिलिसेकंद जातात आणि ठेका हाताखालून निसटतो. २५६ वर तो ५.३ मिलिसेकंदांवर येतो आणि वाजवणे सुसह्य होते. वाजवताना बफर लहान आणि मिश्रण करताना मोठा ठेवावा. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचाच एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर वापरावा. मोठे संच अनेक गिगाबाइटचे असल्याने ते एसएसडी या वेगवान साठवणीवर असलेले चांगले.

बडोद्यातील घरात या पद्धतीचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. मे महिन्यात पंखा बंद करून मायक्रोफोनसमोर बसणे ही शिक्षा असते, आणि नवरात्रात तर गरब्याचा आवाज दारे लावूनही आत येतो. त्या नऊ रात्रींत घरी गाण्याचे ध्वनिमुद्रण विसरावे. मिडीला खोलीतील आवाजाशी देणेघेणे नसल्याने पंखा चालू ठेवून हेडफोनवर संपूर्ण साथ तयार करता येते, आणि गायन एखाद्या शांत सकाळी उरकता येते.

शेवटी जपणुकीविषयी एक सूचना. काम पूर्ण झाले की प्रत्येक वाद्याचा ट्रॅक ऑडिओ करून ठेवावा आणि मिडीची फाइलही स्वतंत्र काढून ठेवावी. संगणक किंवा प्रणाली बदलल्यावर एखादे विकतचे वाद्य उघडेनासे होऊ शकते. मिडीचे मानक मात्र १९८३ पासून टिकून आहे आणि २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्येही जुन्या साधनांशी जुळण्याची सोय ठेवलेली आहे. फाइलच्या नावात पट्टी, ताल आणि लय लिहिलेली असावी. आमच्याकडे ‘काळी चार, दादरा, ९२’ अशा नावांनी शोध चटकन लागतो.