फॉस-टॅग अ‍ॅक्रिलामाइड: मलेरियाच्या परजीवीवर काम करणाऱ्यांसाठी

प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरमच्या एखाद्या प्रथिनाला फॉस्फेट लागला आहे का, हे पाहायचं तर पहिली अडचण अँटिबॉडीची. माणसाच्या प्रथिनांसाठी फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट लागणं) ओळखणाऱ्या अँटिबॉडी तयार मिळतात, परजीवीच्या प्रथिनांसाठी फारच थोड्या. फॉस-टॅगमुळे त्यांची गरजच उरत नाही. हिरोशिमा विद्यापीठातून आलेलं हे रसायन २००६पासून प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलमध्ये वापरलं जातं. मँगनीजसोबत ते फॉस्फेटला धरतं, प्रथिन मागे रेंगाळतं आणि त्याचा बँड (जेलमधला पट्टा) वर सरकतो. साधी अँटिबॉडी किंवा प्रथिनाला जोडलेला एचए टॅगही (अँटिबॉडीने ओळखता येणारा छोटा तुकडा) पुरतो.

१० मिलिग्रॅम पूड ०.१ मिली मिथेनॉलमध्ये विरघळवून ३.२ मिली पाणी घातलं की ५ मिलिमोलार द्रावण होतं. १० मिली जेलला त्यातलं १०० मायक्रोलिटर, म्हणजे ५० मायक्रोमोलार. मँगनीज क्लोराइड दुप्पट, १०० मायक्रोमोलार, कारण एका रेणूत धातूच्या दोन जागा असतात. बाटलीत तीसेक जेल होतात. किंमत पाहता हा हिशेब आधी करावा. द्रावण उजेडापासून जपा.

बहुतेक जेल बिघडतात ते ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनामुळे. ते मँगनीज ओढून घेतं आणि बँड वाकडेतिकडे होतात. प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तोडणारी एन्झाइम रोखणारं द्रव्य) ईडीटीएविरहितच घ्या. सॅम्पलमध्ये क्षार जास्त असतील तर ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने प्रथिनं खाली बसवून घ्या. सॅपोनिनने लाल पेशी फोडताना आणि नंतरच्या प्रत्येक धुण्यात फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) रोखणारा इनहिबिटर हवाच, सगळं बर्फावर. नाहीतर जे मोजायचं तेच धुण्यात निघून जातं. हिमोग्लोबिनचा लाल रंग जाईपर्यंत धुवा.

ट्रान्सफरआधी (प्रथिनं जेलमधून पडद्यावर नेण्याआधी) मात्र तेच ईडीटीए लागतं: १० मिलिमोलार ईडीटीए असलेल्या ट्रान्सफर बफरमध्ये दहा-दहा मिनिटं तीनदा, मग एकदा ईडीटीएशिवाय. ही पायरी गाळली तर प्रथिन जेलमध्येच अडकतं. सेमी-ड्रायपेक्षा वेट ट्रान्सफर भरवशाचा.

या जेलवरून प्रथिनाचं वजन काढू नका, रंगीत मार्करही इथे फसवतो. फॉस्फेट कोणत्या सेरिनवर (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लावर) आहे हेही कळत नाही, त्याला मास स्पेक्ट्रोमेट्रीच हवी. पण प्रथिनाचा किती भाग फॉस्फोरिलेट झाला, कोणत्या तासाला, याचं उत्तर एका जेलमध्ये मिळतं आणि तिथे हे रसायन फार मोलाचं आहे.

उदाहरणार्थ, पीकेजी हा परजीवीचा कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम. कंपाउंड २ या औषधाने तो अडवला की पिकलेले शायझाँट (लाल पेशीत विभागलेले परजीवी) लाल पेशी फोडून बाहेर पडायच्या अगदी आधी थांबतात. औषध धुऊन टाका, काही मिनिटांच्या अंतराने सॅम्पल घ्या आणि शेजारी टी६१८क्यू हा पीकेजीत बदल असलेला, औषधाला न जुमानणारा परजीवी चालवा. औषधाने वरचा बँड फक्त मूळ परजीवीत गेला, तर तो बदल पीकेजीवर अवलंबून आहे. एक लेन लॅम्डा फॉस्फेटेजला राखून ठेवा, त्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावणात) फॉस्फेटेज इनहिबिटर घालू नका. त्या लेनमध्ये बँड खाली आला नाही, तर वर सरकण्याचं कारण फॉस्फेट नाही.