लॅमिनेशन केलेली आरसी आणि 843 रुपयांचा विमा

माझ्या स्कूटीला गल्लीतली पोरं 'फोर व्हीलर' म्हणतात. मूळची दोन चाकं, आणि मागं दोन्ही बाजूंना बसवलेली दोन. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात जोर नाही, म्हणून साइड व्हील. परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्ती, सगळं चालतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच की बाई अडाणी असेल. दिवसभर लोकांना "ओटीपी कुणाला सांगू नका" म्हणणारी मीच फसले.

आधीच्या गाडीचे सगळे कागद वडिलांनी केले होते. ते गेले, पाठोपाठ ती गाडीही खिळखिळी झाली. मग ओळखीतल्या एका मॅडमची 2017 सालची 110 सीसीची स्कूटी घेतली. ती नावावर करायला आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसणारा एक एजंट कुणीतरी सुचवला. त्यानं ते काम खरंच केलं, तेही सांगितलेल्या दिवसात. मला वाटतं, पहिलं काम चोख करून देणं हा त्याच्या धंद्याचाच भाग असावा.

मग साइड व्हीलचा विषय निघाला. "बसवून घ्या ताई, नोंदीचं मी बघतो. तुम्ही कशाला हेलपाटे घालता?" मी छत्रपती संभाजीनगरला जाऊन चाकं बसवून आणली. इथं माझीही चूक झाली. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या, तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलमच आहे. दिव्यांगांसाठी केलेल्या गाडीला कायद्यात 'ॲडाप्टेड व्हेईकल' असा वेगळा वर्ग आहे, पण तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो.

एजंटानं आरसीचे 2,500 आणि विम्याचे 3,600 घेतले. एवढे का, विचारलं तर म्हणाला, "साइड व्हीलचं लोडिंग लागतं ताई, फर्स्ट पार्टी करायलोय ना." लोडिंग म्हणजे जादा हप्ता, आणि फर्स्ट पार्टी म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारा विमा. मी मान डोलावली. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. दिव्यांगांसाठी बदल केलेल्या गाडीची तशी नोंद आरसीवर असेल, तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात 50 टक्के सूट मिळते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे कमी व्हायला हवे होते, त्याच गोष्टीसाठी त्यानं जास्त घेतले, आणि वर पावती मागितली नाही म्हणून माझं कौतुक केलं.

दहाएक दिवसांनी लॅमिनेशन केलेली आरसी हातात आली. वर्गाच्या रकान्यात ॲडाप्टेड व्हेईकल. पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर. नावावर करताना माझ्या मोबाईलवर ओटीपी आले होते, या वेळी एकही आला नाही. गाडी तपासायला नेली नाही. विमा कंपनीचा एक साधा मेसेजही नाही. आणि मला काय वाटलं? की बघा, किती सोपं झालं सगळं! फॉर्म भरून पोट भरणाऱ्या बाईला ओटीपी आला नाही याचा आनंद झाला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढं पावसाळ्यात मोंढ्याजवळ कापसाच्या टेम्पोचा धक्का लागला. टेम्पोवाला थांबला नाही. उजव्या चाकाचं ब्रॅकेट वाकलं, मागची बॉडी फुटली. मला फक्त खरचटलं. गॅरेजवाल्यानं 11,000 चा अंदाज दिला. मी निवांत होते, फर्स्ट पार्टी आहे ना. कंपनीला फोन लावला. पॉलिसी नंबर सांगितला, बाईंनी नाव, गाडी सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, ही फक्त थर्ड पार्टी आहे. ओन डॅमेज यात नाहीच."

थर्ड पार्टी म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा. मी पीडीएफ उघडून भांडायला लागले. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केलाय का?" केला. खरी पॉलिसी उघडली. हप्ता 714, त्यावर जीएसटी, असे 843 रुपये. एजंटानं खरीच पॉलिसी ऑनलाइन काढली होती. मग पीडीएफमधले आकडे आणि शब्द बदलले, क्यूआर तेवढा तसाच राहिला. मोबाईल नंबर आणि ईमेल त्याचेच टाकलेले, म्हणून मला मेसेज कुठून येणार?

त्याहून वाईट गोष्ट नंतर दिसली. दुचाकीच्या मालक-चालकाला 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर घ्यावं लागतं. आधीच असेल तर तसं लिहून देऊन ते वगळता येतं. त्यानं माझ्या नावानं खूण केली होती की माझ्याकडे आहे. माझ्याकडे नव्हतं. त्या टेम्पोखाली मी गेले असते तर आईच्या हातात काय आलं असतं, याचा हिशोब त्यानं अडीच-तीनशे रुपयांत केला होता.

रात्री एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला. वर्ग: मोटारसायकल/स्कूटर. नोंद झालीच नव्हती. अर्ज करायची तसदीसुद्धा त्यानं घेतली नव्हती.

एजंट आधी म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे. मग 2,000 परत पाठवले. मग नंबर बंद. मी दोन्ही पीडीएफ, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि ते लॅमिनेशन घेऊन पोलिसांत लेखी अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 म्हणजे फसवणूक, सोबत बनावट कागदपत्रं. पोच घेतली. अर्ज चौकशीत आहे, एवढंच उत्तर मिळतं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आमच्याकडे म्हणतात, ते मी या बाबतीत तरी मानायला तयार नाही.

कागद मात्र स्वतः केले. वाहन पोर्टलवर बदलाचा अर्ज भरला, फी ऑनलाइन भरली, पावती माझ्याच मोबाईलवर. दिव्यांग ओळखपत्र, चाकं बसवल्याचं बिल, पीयूसी, विमा जोडला. गाडी टेम्पोत घालून मी मात्र रेल्वेनं, मानवत रोड, पेडगाव करत परभणीला. निरीक्षकांनी चाकं हलवून बघितली, चेसिस नंबर बघितला, आधी परवानगी का घेतली नाही म्हणून चार शब्द ऐकवले. ऐकून घेतले. नोंद झाल्यावर विमा: थर्ड पार्टी चालू होतीच, त्यामुळे ओन डॅमेज वेगळं घेता आलं, ही सोय 2019 पासून आहे. साइड व्हीलची किंमत त्यात धरायला लावली, सूट मिळाली. अपघात कव्हरही काढलं. सगळं धरून त्या 3,600 च्या निम्मेही लागले नाहीत. ब्रॅकेट आणि बॉडीचे 11,000 गेले ते गेलेच.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात रांगेत पुढं एक काका होते, जिंतूरकडचे, मुलासाठी साइड व्हीलची गाडी केलेली. पिशवीतून कागद काढताना तेच चकचकीत लॅमिनेशन दिसलं. मी विचारलं, "काका, विम्याचा कागद दाखवता का?" त्यांनी घडी उलगडली. फर्स्ट पार्टी, हप्ता 3,800. कोपऱ्यातल्या क्यूआरवर मी मोबाईल धरला. काका बघत होते.

843.