जुन्या सीआर-व्हीला ट्रेलर हिच: खरी कसोटी सायलेन्सरपाशी

दुसऱ्या पिढीची होंडा सीआर-व्ही, म्हणजे अमेरिकेत 2002 ते 2006 या मॉडेल-वर्षांत विकली गेलेली, आजही रस्त्यावर भरपूर दिसते. तिला मागे सायकलींचा रॅक, सामानाचा ट्रे किंवा भाड्याचा छोटा ट्रेलर जोडायचा तर ट्रेलर हिच हवा. खास या गाडीच्या मापाचे, बोल्टने बसणारे हिच सहज मिळतात. कर्ट, ड्रॉ-टाइट आणि रीस ही त्यातली नेहमीची नावं. किंमत साधारण दोनशे डॉलरच्या आसपास, वजन पंधरा-सोळा किलो. चौकोनी पोलादी नळी, तिच्या दोन टोकांना गाडीखालच्या दोन लांब पेट्यांना, म्हणजे चॅसीला, धरणारे जाड पत्र्याचे हात, आणि मध्ये रॅक किंवा बॉल (ट्रेलर ज्यावर अडकतो तो पोलादी गोळा) सरकवायचं तोंड, एवढीच त्याची घडण.

वस्तू म्हणून हा हिच उत्तम आहे. वेल्डिंग भरीव असतं, काळा पावडर-कोट दाट बसलेला असतो आणि भोकं मूळ चॅसीच्या भोकांशी जुळतात. तीन कंपन्यांच्या दर्जात फारसा फरक नाही. म्हणून कंपनी बघून निवड करू नका. आधी गाडीखाली आडवं व्हा आणि एक्झॉस्ट कुठून कुठे जातो ते बघा, कारण वीस वर्षांच्या गाडीत हे काम दीड तासात उरकणार की दोन दिवस खाणार हे एक्झॉस्ट ठरवतो.

सगळ्यात आधी ओझ्याचा हिशेब. दोन इंची तोंडाच्या क्लास 3 (हिचच्या ताकदीचा वर्ग) हिचवर साडेतीन हजार पौंड किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो, आणि तो वाचून लोक फसतात. अमेरिकेत या सीआर-व्हीची ओढण्याची मर्यादा 1500 पौंड, म्हणजे सुमारे 680 किलो आहे. हिच कितीही दणकट लावला तरी हा आकडा वाढत नाही. गाडी, हिच, बॉल आणि ट्रेलर यांत जे सर्वांत कमकुवत, तीच तुमची मर्यादा. भाड्याने मिळणारा चार बाय आठ फुटांचा बंद ट्रेलर रिकामाच सुमारे 850 पौंडांचा असतो. मग आत भरायला उरले 650 पौंड, तीनशे किलोही नाहीत. गणेशोत्सवाला ढोल-ताशे आणि मखर न्यायला हे पुरतं. घर हलवायला पुरत नाही.

हिचच्या तोंडावर उभा पडणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्के धरला तर 150 पौंड होतो. चार सायकलींचा प्लॅटफॉर्म रॅक 50 पौंडांच्या वर जातो आणि त्यावर 30 पौंडांच्या चार सायकली चढवल्या की 170 होतात. म्हणून या गाडीला तीनच सायकली. शिवाय हिची स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते आणि दार बाजूला उघडतं. रॅकचा दांडा आखूड असला तर सायकली स्टेपनीला घासतात. जोड-नळी लावून तोंड लांबवता येतं, पण तिने भार पेलण्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. त्यापेक्षा लांब दांड्याचा रॅक घेतलेला बरा.

तोंडाचं माप निवडताना दोन इंचीच घ्या. सव्वा इंची हिच हलका असतो आणि दिसतोही नीट, पण चांगले रॅक दोन इंचीलाच जास्त मिळतात. दोन इंचीला 5/8 इंची पिन लागते, सव्वा इंचीला 1/2 इंची. जुनी पिन घरात असेल तर हे लक्षात ठेवा.

आता मुख्य काम. हिचचा सायलेन्सरच्या बाजूचा हात एक्झॉस्टच्या वरून नेऊन चॅसीला टेकवावा लागतो, म्हणजे एक्झॉस्ट खाली घेतल्याशिवाय तो जागेवर जातच नाही. पाईप आणि सायलेन्सर रबरांवर लटकलेले असतात. प्रत्येक रबराला दोन भोकं असतात. एकात गाडीची सळई, दुसऱ्यात पाईपची. नव्या गाडीत ही रबरं हाताने निघतात. वीस वर्षांनंतर रबर दगडासारखं कडक झालेलं असतं आणि सळईवर गंजाची खरखरीत साल चढलेली असते. सळईच्या टोकाला गोंडा असतो, रबर नेमकं तिथेच अडतं. जोराने ओढलं तर रबर फाटतं किंवा सळईच वाकते.

यावर उपाय असा. सळईचं उघडं टोक तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. रबराच्या भोकाभोवती साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, पेट्रोलियमने रबर फुगतं आणि कुजतं. मग रबर आधी सळईभोवती गोल फिरवा. गंजाची पकड सुटल्याचं हाताला कळतं, एक बारीक कट्कन झटका बसतो. त्यानंतरच ही रबरं काढायचा लांब पक्कड लावून पुढे ढकला. रबराला भेगा दिसल्या तर ते परत लावू नका. नवी रबरं स्वस्त असतात, ती आधीच मागवून ठेवा. जुन्या रबरांवर सायलेन्सर सेंटिमीटरभर खाली लोंबत असतो, आणि हिच लागल्यावर त्या सेंटिमीटरचाच खडखडाट होतो.

रबरं काढण्याआधी सायलेन्सरखाली लाकडाचा ठोकळा ठेवलेला जॅक टेकवा किंवा पट्ट्याने त्याला बांधून घ्या. मग मागून पुढे एकेक रबर सोडा आणि जॅक हळूहळू खाली घ्या. बहुतेक वेळा 10 सेंटिमीटर पुरतात. इथे घाई महागात पडते. पाईप मोकळा खाली सोडला की सगळा भार पुढच्या सांध्यावर येतो. तिथली गॅस्केट हलली किंवा लवचीक जाळी फाटली, तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू करताना टक-टक-टक असा आवाज येऊ लागतो आणि दोनशे डॉलरचं काम पाचशेवर जातं. ऑक्सिजन सेन्सरची वायर ताणली जात नाही ना, तेही बघा.

अर्थात हे सगळं गार एक्झॉस्टवर, सपाट जागी, पुढच्या चाकांना अडण लावून आणि गाडी जॅक स्टँडवर घेऊन. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका.

दुसरी अडचण चॅसीच्या आत वेल्ड केलेल्या नटांची. न्यू जर्सी, मिशिगन, शिकागो, टोरांटो इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि ते या नटांत जाऊन बसतं. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा, मग नळीत फिरणाऱ्या बारीक ब्रशने आटे साफ करा. बोल्ट हिचबरोबर येतात. साधारणपणे 12 मिलिमीटर बाय 1.25 किंवा 10 बाय 1.25 चा आटा असतो. बरोबरच्या कागदावर तो लिहिलेला असतो, त्याच मापाचा टॅप (नटाचे आटे साफ करायचं हत्यार) आणा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवा, म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो. बोल्ट पहिले तीन-चार आटे हातानेच चढला पाहिजे. पहिल्या आट्यालाच पाना लावला तर तिरका चढून नटाचे आटे जातात. आणि आतला नट चॅसीपासून सुटून गरगर फिरायला लागला तर सगळ्यात वाईट. तेव्हा शेजारच्या मोठ्या भोकातून तारेच्या स्प्रिंगने नवा बोल्ट आणि चौकोनी जाड पट्टी ओढून आणावी लागते. हाताशी वेळ नसेल तर इथे थांबून गाडी गॅरेजला द्यावी.

चॅसीची पेटीच गंजून पोखरली असेल तर हिच बसवू नका. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर विषय संपला.

हिच वर उचलायला दोन माणसं लागतात. सगळे बोल्ट आधी हाताने चढवा, मग आवळा. एक बाजू पूर्ण आवळली की दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत. टॉर्क पाना (ठरलेल्या आकड्याइतक्याच जोराने आवळणारा) लावा, आकडा कागदावरचाच घ्या आणि कागदात सांगितलं नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसमुळे त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर पुन्हा पाना फिरवून बघा.

हीट शिल्डचा, म्हणजे एक्झॉस्टची उष्णता अडवणारा पत्रा हिचच्या हाताला आडवा येतो का ते पाहा. येत असेल तर पत्र्याच्या कात्रीने गरजेपुरताच कापा आणि कड दुमडून घ्या. अख्खा काढून टाकू नका, त्याच्या वर गाडीचा तळ आणि गालिचा आहे.

आता एक्झॉस्ट परत टांगा आणि फट मोजा. पाईप-सायलेन्सर आणि हिच यांच्यात चहूबाजूंनी किमान 20 ते 25 मिलिमीटर फट हवी. पोलाद तापलं की वाढतं. 3 मीटरचा पाईप 300 अंशांनी तापला तर लांबीत सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो, आणि पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं असल्यामुळे ती सगळी वाढ मागे, हिचकडे येते. गार गाडीत बोटभर दिसणारी फट अर्ध्या तासाने उरत नाही. म्हणून गाडी पूर्ण तापवा, ब्रेक दाबून गिअर डी आणि आर मध्ये बदला. इंजिन हलेल तसा एक्झॉस्टही हलेल. दुसऱ्या माणसाने गाडीच्या बाजूला राहून मागचा ठोक ऐकावा.

ठोक आला तर पाईप तारेने वर आवळू नका. तार थरथर सरळ गाडीत नेते आणि काही महिन्यांत पाईप सांध्यापाशी तडकतो. हिचला भोक पाडणं, घासणं किंवा त्यावर काही वेल्ड करणं हेही चुकीचं, त्याने हमी जाते आणि ताकदही.

मूळ सायलेन्सर बदलून बाजारातला लावलेला असेल तर हिच मागवण्याआधीच माप घ्या. बाजारातले सायलेन्सर जाड असतात, त्यांच्या टांगायच्या सळया वेगळ्या कोनात असतात, आणि हिच बनवणाऱ्यांनी मूळ एक्झॉस्टचंच माप धरलेलं असतं. अशा वेळी सायलेन्सरवाल्याकडून शेपटीचा पाईप नव्याने वळवून घ्यावा. पण तो आखूड करून गाडीखालीच संपवू देऊ नका. जुन्या दाराच्या रबरातून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. पाईपचं तोंड बॉडीच्या बाहेर आणि सायकलींच्या टायरांपासून दूर ठेवा, गरम धुराने टायर वितळतो.

ट्रेलर ओढायचा नसेल तर वायरिंगची गरज नाही. ओढायचा असेल तर चार पिनांचा सपाट प्लग लागतो. पांढरी वायर अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा इंडिकेटर-ब्रेक, हिरवी उजवा. गाडीचे इंडिकेटर ब्रेकच्या दिव्यापासून वेगळे असतील तर मध्ये कन्व्हर्टर बसवा, आणि वायरी एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूने न्या.

एखाद्याची जुनी गाडी फोर्ड एक्सप्लोरर असेल तर भाड्याच्या ट्रेलरचा विचार करण्याआधी एक माहिती असावी. ट्रेलर भाड्याने देणाऱ्या यू-हॉल कंपनीने 2003 च्या अखेरीपासून एक्सप्लोररच्या मागे ट्रेलर देणं बंद केलं, आणि 2013 मध्ये फक्त 2011 आणि त्यानंतरच्या मॉडेलना मोकळीक दिली. त्याआधीच्या एक्सप्लोररला हिच फक्त रॅकपुरता.

सीआर-व्हीसाठी मात्र बोल्टने बसणारा दोन इंची हिच जरूर घ्या. मीठ न पडणाऱ्या टेक्सस किंवा कॅलिफोर्नियातली गाडी असेल तर घरीच बसवा, टॉर्क पाना आणि नवी रबरं आणा म्हणजे झालं. मिठाच्या मुलखातली असेल तर आधी लिफ्टवर चढवून चॅसीची पेटी आणि वेल्ड-नट बघून घ्या, पैसे नंतर द्या.